ऊपासून आपर्यंत

वाशीला, सेक्टर नऊमध्ये, झेरॉक्सवाल्याच्या डोक्यावर
दातार बसतो. समोर सोल्डरिंगचा धूर,
भिंतीवर मानेला धरून टांगलेल्या गिटारी.
मी म्हटलं, वाह पेडल दाखवा.
तो म्हणाला, आधी पाय दाखव.

उजवा. दिवसा तुर्भ्याच्या मार्केटात
कांद्याचा टेम्पो हाकतो हा.
किती दाबलं की भरली गाडी
सानपाड्याचा पूल न कण्हता चढते
हे त्याला ठाऊक आहे, मला नाही.
दातार हसला नाही.
लादीवर तीन डबे मांडले.

पहिला कोरा. आत घासणारं काहीच नाही,
नुसता उजेड, आणि उजेडाआड सरकणारी पट्टी.
टाचेपासून चवड्यापर्यंत गुळगुळीत,
कस्टमर केअरच्या बाईसारखा.
कुठेही तोडा, ती धन्यवादच म्हणते.

दुसरा तळहाताएवढा. पाय ठेवला की जागा,
उचलला की झोपला.
माझी चप्पल दहा नंबरची.
हळदीच्या मांडवात, वायरींच्या गुंत्यात,
नाचणाऱ्या दोनशे पायांत
हा मला सापडायचा नाही.

"आणि बंद असताना ऐक," दातार म्हणाला,
"काही पेडलं बंद असली तरी आवाज खातात.
तोंड उघडत नाहीत,
पण त्यांच्यातून गेलेला सूर
थोडा मळूनच बाहेर येतो."
मला अशी दोन माणसं आठवली.
एक आमच्या बेंजो पार्टीचा मालक.

मग सांगून टाकलं.
मला घणसोलीच्या पदूआत्याचा गळा हवाय.
धवलारीण आहे ती. माईक लागत नाही.
तिचा ऊ मिटल्या कालव्यातून निघतो
आणि खाडीला पाणी चढावं तसा,
कुणाला न कळता, आ होतो.
दोन वर्षं मी तो बोटांनी शोधतोय.
तारा तुटल्या. तो बोटांत नाहीच.

तिच्या जागृतीच्या हळदीला
आत्या मधेच अडकली.
ऊ सुटला होता, आ आला नव्हता.
दम संपेपर्यंत ती तिथेच राहिली,
हातातली हळदीची वाटी तिरकी.
बायकांना वाटलं, नवी चाल.
त्यांनी तीच उचलली.
आता गावात सगळ्या हळदींना
ती ओळ तशीच म्हणतात, अर्धी उघडी.
आत्या त्या ओळीला पाणी प्यायला उठते.

तिसरा डबा लोखंडी, कोपऱ्यांवर रंग उडालेला.
कळव्याच्या कुणीतरी विकला, पोरगा झाल्यावर.
एका ठिकाणी खरखर.
"आतलं घासलंय. अडीचशेत बदलून देतो."
कुठे घासलंय?
"अर्ध्याच्या जरा पुढे."
म्हणजे तो जो कोण होता
तो वरखाली करतच नव्हता फारसा.
तिथे नेऊन ठेवायचा पाय
आणि वर्षानुवर्षं तिथेच उभा राहायचा.

मी पाय तिथे नेला. तार छेडली.
झेरॉक्सचं मशीन खाली चालूच होतं.

बदलू नका, म्हटलं.
दातारने पाचशे कमी केले, कारण विचारलं नाही.

घरी आत्या आलेली, सुकट घेऊन.
"यो पायानशी गातं काय रं?"
नाव काय त्याचं?
वाह, म्हटलं.
"बरा हाय. हळदीत कोन म्हनतं वा?"

मग पदर खोचून
तिने अनवाणी पाऊल त्यावर ठेवलं,
टाचेला भेगा, करंगळीला जुनं जोडवं.
मी तार छेडली.
पाऊल हळूहळू पुढे कललं,
खरखरीच्या जागी आलं.
मी श्वास धरला.

तिने धरला नाही.
सरळ शेवटापर्यंत दाबलं,
खालचं बटण खट्ट वाजून
पेडल बंद होईपर्यंत.

"आता बोलत का नाय यो?"